ब्रिक गेम भंगारात घालू नका

दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरची गाठोडी खाली येतात, आणि पुष्कळ घरांत त्यातून एक ब्रिक गेम निघतो. हातात मावणारं प्लास्टिकचं यंत्र, हिरवट-राखाडी काच, एका बाजूला दिशांची चार बटणं आणि दुसऱ्या बाजूला ठोकळा फिरवायचं एक मोठं बटण. वर छापलेलं असतं ‘9999 इन 1’. प्रत्यक्षात खेळ डझन-दीड डझनच. वेगाचे आणि पातळ्यांचे आकडे धरून तो हिशेब फुगवलेला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी यात्रेतल्या खेळण्यांच्या पालांवर आणि स्टेशनरीच्या दुकानांत ही यंत्रं टांगलेली असायची. तीर्थपुरीतल्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या आई-बापांना, आजी-आजोबांना माझी विनंती आहे: यंदा तो सापडला तर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. दोन पेन्सिल सेल घाला, चालतो का बघा आणि घरातल्या लेकराच्या हातात द्या. पण देऊन उठून जाऊ नका. शेजारी बसा आणि तो खेळायचा कसा, हे शिकवा.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप दोघंही रानात असतात. घरी आजी आणि लेकरू, आणि लेकराच्या हातात फोन. त्या फोनमध्ये काय चाललंय ते आजीला कळत नाही. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. कामाला गेल्याशिवाय घर चालत नाही, आणि लेकरू गप्प बसतं म्हणून फोन दिला जातो. मी खेळ बंद करा असं म्हणतच नाही. खेळ द्या, पण असा द्या की ज्याचे नियम तुम्हाला स्वतःला समजतात. ब्रिक गेम तसा आहे. त्याला नेट लागत नाही, त्यात रिचार्ज नाही, जाहिरात नाही, अनोळखी माणूस बोलायला येत नाही. आणि एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, ती मला फार मोलाची वाटते: बहुतेक ब्रिक गेमच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. बाहेरचा उजेड काचेवर पडला तरच ठोकळे दिसतात. म्हणजे रात्री पांघरुणात तोंड खुपसून हा खेळ खेळता येत नाही. उजेड गेला की खेळ आपोआप संपतो.

यातला मुख्य खेळ म्हणजे टेट्रिस. मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो 1984 साली तयार केला. ज्या संगणकावर तो प्रथम चालला त्याला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून कंसाच्या चिन्हांनीच ठोकळे दाखवले होते. 1989 साली जपानच्या निन्तेंदो कंपनीने गेम बॉय नावाचं हातात धरायचं यंत्र काढलं. त्यावर टेट्रिस आला आणि जगभर गेला. आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत पोहोचला. आला तो त्याचा स्वस्तातला भाऊबंद, ब्रिक गेम.

आता खेळाकडे येऊ, कारण शिकवायचं तर आधी आपल्याला नीट यायला हवं.

काचेवर आडव्या 10 आणि उभ्या 20 अशी 200 घरं असतात. वरून एका वेळी एक ठोकळा येतो. प्रत्येक ठोकळा चार घरांचा, आणि चार घरं एकमेकांना जोडायच्या तऱ्हा सातच: उभा दांडा, चौकोन, टी, एल, उलटा एल, एस आणि झेड. ठोकळा डावी-उजवीकडे सरकवता येतो, फिरवता येतो, खाली लवकर आणता येतो. तो टेकला की तिथेच राहतो. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि वरचं सगळं एक घर खाली येतं. रचलेला ढीग वरपर्यंत पोहोचला की डाव संपला. एवढेच नियम. पाच मिनिटांत आजीलाही सांगता येतात.

लेकराला हिशेब करायला लावा. एक ओळ 10 घरांची आणि ठोकळा 4 घरांचा, म्हणजे एक ओळ फोडायला सरासरी अडीच ठोकळे लागतात. पाच ठोकळ्यांत दोन ओळी, दहा ठोकळ्यांत चार. तिसरी-चौथीतल्या मुलाला हे तोंडी जमतं, आणि जमलं की तो खेळाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. दहा ठोकळे टाकूनही चार ओळी फुटल्या नसतील, तर तो माल कुठेतरी साठून आहे, आणि तो वर चढणार.

नवखा खेळाडू हरतो तो वेगामुळे असं सगळ्यांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. तो पोकळीमुळे हरतो. उसाची ट्रॉली भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: खाली मोळ्या वेड्यावाकड्या पडल्या, मध्ये पोकळी राहिली, की वर कितीही रचा, माल कमी बसतो आणि ट्रॉली उंच दिसते. इथेही तेच होतं. एक घर रिकामं राहिलं आणि त्यावर ठोकळा बसला की खालची ती ओळ अडली. तिला हात लावायचा तर आधी तिच्यावरचं झाकण असलेली ओळ फोडावी लागते. तोवर वरून ठोकळे येतच असतात. म्हणून लेकराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगा: ओळ फुटली नाही तरी चालेल, पोकळी होऊ देऊ नकोस.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांना कुणी सांगितलेला नसतो. पोकळी नको म्हणून माणूस रचना अगदी सपाट ठेवायला जातो. पण पूर्ण सपाट जागेवर एस किंवा झेड आला, तर तो कसाही टाका, आडवा किंवा उभा, त्याच्या एका कडेखाली एक घर रिकामं राहतंच. करून बघा. या दोन ठोकळ्यांना एका घराची पायरी लागते. उजवीकडे एक पायरी खाली असेल तर एस उभा करून तिथे चपखल बसतो. उजवीकडे एक पायरी वर असेल तर झेड बसतो. चौकोनाला मात्र शेजारशेजारची दोन घरं समान उंचीची हवीत. म्हणजे चांगली रचना कशी? बरीचशी सपाट, एखादी पायरी चढती, एखादी उतरती, आणि कुठेही तीन-चार घरांची विहीर नाही. तशी खोल विहीर झाली की तिथे फक्त दांडा चालतो, आणि दांडा आपल्या सांगण्यावर येत नाही.

दांड्याचं तर वेगळंच सांगायला हवं, कारण पोरं तिथे फसतात. बऱ्याच ब्रिक गेममध्ये एक ओळ फोडली की 100 गुण, दोन एकदम फोडल्या की 300, तीनला 700 आणि चारला 1500 अशी चढती गुणपद्धत असते. गेम बॉयवर सुरुवातीच्या पातळीला ते 40, 100, 300 आणि 1200 आहेत. म्हणजे ब्रिक गेममध्ये चार ओळी एकेक करून फोडल्या तर 400, आणि त्याच चार एका दांड्याने फोडल्या तर 1500. म्हणून खेळाडू कडेची एक उभी रांग मोकळी ठेवतो, बाकीच्या नऊ रांगा भरत जातो आणि दांड्याची वाट बघत बसतो. ही रीत बरोबर आहे; चांगले खेळाडू असंच खेळतात. पण वाट किती बघायची याचा हिशेब हवा. दर वेळी सातही ठोकळ्यांना सारखी संधी असेल, तर सलग 10 ठोकळ्यांत एकही दांडा न येण्याची शक्यता शंभरात 21 आहे, म्हणजे सरासरी पाच वेळांत एकदा असं होतं. सलग 20 ठोकळ्यांत न येण्याची शक्यताही शंभरात साडेचारच्या वर आहे. आजच्या अधिकृत टेट्रिसमध्ये सात ठोकळ्यांची एकेक पिशवी धरून वाटप होतं, त्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त 12 इतर ठोकळे येतात. जुन्या यंत्रांत तशी हमी नाही. तेव्हा लेकराला हे पक्कं सांगा: ढीग काचेच्या निम्म्यावर गेला की चारचा नाद सोड. मोकळी रांग बुजव, मिळेल ती एकेक ओळ फोड, ढीग खाली आण, आणि मग पुन्हा दांड्यासाठी जागा कर.

काचेच्या उजव्या बाजूला पुढचा ठोकळा दिसतो. नवखी पोरं तिकडे बघतच नाहीत. हातातला ठोकळा टेकेपर्यंत त्यांची नजर त्याच्यावर खिळलेली असते. सवय अशी लावा: ठोकळा वर दिसला की लगेच त्याची जागा ठरवायची, आणि तो खाली येत असताना डोळे पुढच्या चौकटीकडे न्यायचे. शिकवताना तुम्ही शेजारून विचारा, “पुढे काय येतंय?” त्याने उत्तर दिल्यावरच पुढचं बोला.

फिरवण्याचंही असंच. या यंत्रात ठोकळा एकाच दिशेने फिरतो. चौकोन फिरला काय आणि नाही काय, सारखाच. दांडा, एस आणि झेड यांचे दोनच चेहरे. टी, एल आणि उलटा एल यांचे चार. हवा तो चेहरा हुकला तर पुन्हा तिथे यायला बटण आणखी तीनदा दाबावं लागतं, आणि वेग वाढल्यावर तेवढी सवड नसते. शिवाय बऱ्याच जुन्या यंत्रांत भिंतीला टेकलेला ठोकळा फिरतच नाही, कारण फिरायला बाजूला जागा नसते. म्हणून आधी फिरवायचं, मग सरकवायचं आणि सगळ्यात शेवटी खाली ओढायचं. हा क्रम बोटांत बसला की निम्म्या चुका जातात. खाली ओढायचं बटण दाबून धरायची खोड मात्र पहिल्या दिवसापासून मोडा.

तरीही मूल बटण उगाच दोन-चारदा दाबतं, ठोकळा गोल-गोल फिरवतं. त्यावर रागावू नका. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ या संशोधकांनी 1994 साली टेट्रिस खेळणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की खेळाडू ठोकळा फिरवतात तो नुसता जागेवर बसवण्यासाठी नाही. ठोकळा कुठे बसेल हे डोक्यात फिरवून बघण्यापेक्षा काचेवर फिरवून बघणं त्यांना लवकर पडतं. हाताने करून बघणं हाही विचार करण्याचाच एक भाग आहे. पाटीवर आकृती काढून गणित सोडवणाऱ्या मुलाला आपण अडवत नाही, तर इथेही अडवायचं कारण नाही.

वेगाची घाई नको. यंत्रात सुरुवातीचा वेग ठरवता येतो. तो सगळ्यात कमी ठेवून पोकळी न होता पन्नास-साठ ठोकळे लावता आले, तरच एकेक पायरी वाढवा. मोठा भाऊ शेजारी बसून वेग वाढवून देतो आणि धाकटं दोन मिनिटांत हरून रडतं, असं बऱ्याच घरांत होतं. त्या मोठ्याला बाजूला घ्या आणि तू याला शिकव, असं सांगा.

हरण्याबद्दल आई-बापांनाही एक सांगायचं आहे. हा खेळ कायमचा जिंकता येत नाही, आणि हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. हायडी बर्गील या गणितज्ञ बाईंनी 1997 साली दाखवून दिलं की एस आणि झेड आलटून-पालटून येत राहिले तर कितीही चांगला खेळाडू अखेर हरतोच. ठोकळे यादृच्छिक येत असतील तर अशी मालिका कधी ना कधी येणारच. तेव्हा “जिंकलास का?” असं लेकराला विचारू नका. “किती ओळी फोडल्यास? पोकळ्या किती राहिल्या?” असं विचारा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा 13 वर्षांचा विलिस गिब्सन 21 डिसेंबर 2023 रोजी निन्तेंदोच्या जुन्या टेट्रिसमध्ये इतका पुढे गेला की खेळच गोठून बंद पडला. तिथपर्यंत पोहोचलेला तो पहिला माणूस मानला जातो. तरीही तो जिंकला असं म्हणता येत नाही. यंत्राची क्षमता संपली, एवढंच.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी वेगळी विनंती आहे. यंत्र नसलं तरी हा खेळ वर्गात आणता येतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या, त्यावर सारख्या मापाचे चौरस आखा आणि सातही ठोकळे मुलांकडून कापून घ्या. एकूण घरं झाली 28. आता 4 बाय 7 चा आयत आखा, त्यातही घरं 28. मुलांना सांगा, सातही ठोकळे एकेकदाच वापरून हा आयत भरा. मुलं तास घालवतील, शेवटी दरवेळी काही घरं उरतील आणि एखादा ठोकळा हातात राहील. तेव्हा आयतातली घरं आलटून-पालटून काळी-पांढरी रंगवायला लावा. काळी 14, पांढरी 14. मग एकेक ठोकळा त्यावर ठेवून बघायला सांगा. दांडा, चौकोन, एल, उलटा एल, एस, झेड हे सहाही ठोकळे कुठेही ठेवले तरी दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकतात. एकटा टी तीन एका रंगाची आणि एक दुसऱ्या रंगाचं झाकतो. सगळ्यांची बेरीज केली तर एका रंगाची 15 आणि दुसऱ्याची 13 झाकली जाणार. आयतात तर 14 आणि 14 आहेत. म्हणजे हा आयत भरूच शकत नाही. “जमत नाही” आणि “जमणं शक्यच नाही” यांतला फरक पाचवीच्या मुलाला इतक्या सोप्या रीतीने दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. लग्नपत्रिका, कात्री आणि काळं स्केचपेन, एवढ्यावर होतं.

खेळ चांगला आहे म्हणून दिवसभर चालू द्यावा, असं नाही. फार वेळ खेळलं तर झोपायला डोळे मिटल्यावर ठोकळे पडताना दिसतात, हे खेळलेल्या पुष्कळांनी अनुभवलेलं आहे, आणि 2000 साली रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून ते नोंदवलंही आहे. त्याने काही अपाय होतो असं नाही, पण लेकराच्या झोपेत ते कशाला? दिवसाउजेडी अर्धा तास पुरे. डाव अर्धवट असला तर थांबवायचं बटण आहेच.

यंत्र चालू झालं नाही तर लगेच टाकून देऊ नका. बहुतेक वेळा आतले जुने सेल गळलेले असतात आणि स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढलेला असतो. पॉलिश पेपरने स्प्रिंग आणि समोरची पट्टी घासा, कोरड्या फडक्याने पुसा, नवे सेल घाला. काचेवरची एखादी उभी किंवा आडवी रांग दिसत नसेल तर काच आणि सर्किट यांच्यामधली रबराची पट्टी सरकलेली किंवा धुळीने माखलेली असते. मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा चार स्क्रू काढून ती पुसून जागेवर बसवू शकतो. बटण दाबलं जात नसेल तर बटणाखालच्या काळ्या गोल ठिपक्यावर मळ बसलेला असतो. कोरड्या कापसाने पुसलं तरी पुष्कळदा काम होतं. बरीच यंत्रं सेल काढल्यावर सगळ्यात मोठा गुण विसरतात, त्यामुळे तो वहीत लिहून ठेवायची सवय लेकराला लावा. आणि खेळ महिनाभर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा.

फोनवरही ठोकळ्यांचे खेळ आहेत, मग हे जुनं कशाला, असं विचारणारे आहेत. फोनवरचे बरेच ठोकळ्यांचे खेळ बोटाने ओढून बसवायचे असतात; त्यात ठोकळा पडत नाही, वेळ आपली वाट बघत थांबते. तो वेगळा खेळ झाला. पण माझी काळजी त्याहून मोठी आहे. फुकटातल्या खेळांत मध्येच जाहिरात येते, लेकराचा अंगठा चुकून तिच्यावर पडतो, आणि ती जाहिरात कुठे नेईल याचा नेम नसतो. पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या ॲपनी खेड्यापाड्यांत काय केलं ते आपण बघितलं आहे. केंद्र सरकारच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही झाली. त्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांच्यासाठीचे बँक व्यवहार यांवर बंदी आली आहे. तेव्हा पैसे लावून पैसे जिंकायला सांगणारा खेळ फोनमध्ये दिसला, की तो बेकायदा आहे असं समजून काढून टाका. खात्यातून फसवून पैसे गेले असतील तर लपवू नका, घरात भांडत बसू नका, 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि ज्यांच्या घरात बंद पडलेला ब्रिक गेम पडून आहे, घरात लहान मूल नाही, त्यांनी तो गावातल्या शाळेत नेऊन द्यावा. अगदी फुटका असला तरी द्यावा. एकाची काच चांगली असते, दुसऱ्याची बटणं चांगली असतात, आणि एकाच घडणीच्या दोन बंद यंत्रांतून एक चालू यंत्र तयार होऊ शकतं.